"आई वाचतेय, मला विचार"

परवा मुलाच्या शाळेत पालकसभा होती. वर्गशिक्षिका फार मनापासून शिकवतात. मुलांच्या वाचनाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण वाचतं?" मी हात वर केला. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "बघा, आई वाचते म्हणजे मुलाला गोडी लागणारच. सगळ्या आयांनी मुलांसाठी रोज निदान पंधरा मिनिटं पुस्तक हातात धरा." सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मीही हसून मान हलवली. आणि रिक्षात बसल्यापासून ती मान हलवली याचं वाईट वाटतंय, कारण ते खरं नव्हतं. मी मुलांसाठी वाचत नाही. मी माझ्यासाठी वाचते.

एवढं साधं वाक्य चारचौघांत बोलायला मला संकोच का वाटला, त्यासाठी ही पोस्ट. लांब होईल.

आम्ही ठाण्यात राहतो. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, सासूबाई, आणि आम्ही दोघं नोकरी करणारे. माझा दिवस साडेपाचला सुरू होतो. डबे, शाळेची गडबड, लोकल, ऑफिस, परत लोकल, येताना स्टेशनबाहेर भाजी, आल्यावर कुकर. हे सगळ्याच घरांत असतं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

यंदा १ जानेवारीला मुलीच्या सातवीच्या गणिताच्या वहीत मागे कोरी राहिलेली पानं मी काढून घेतली आणि त्यावर चार गोष्टी लिहिल्या. वर्षात बारा पुस्तकं. आठवड्यातून तीनदा तलावपाळीला फेरी. गाडी शिकून लायसन्स. थायरॉईडची गोळी न चुकता. लिहून झाल्यावर वाचलं तेव्हा लक्षात आलं, की या यादीत घरातल्या दुसऱ्या कुणाचंच नाव नाही. त्याआधीची सगळी वर्षं माझे संकल्प म्हणजे मुलीची पाचवीची स्कॉलरशिप, मुलाचं अक्षर, घराचा हप्ता, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. ते सगळं मी आनंदाने केलं, आजही करते. पण संकल्प म्हणून माझं असं त्यात काही नव्हतं.

लग्नाआधी मी आठवड्याला एक पुस्तक संपवायचे. मुलगी झाल्यावर जवळजवळ दहा वर्षांत एकही पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं नाही. जानेवारीत मराठी ग्रंथसंग्रहालयाची सभासद झाले. विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी १८९३ साली मराठी पुस्तकं एका जागी जमवायची म्हणून सुरू केलेली ही संस्था माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे, आणि मी इतकी वर्षं तिच्यासमोरून भाजीची पिशवी घेऊन जात होते.

आता वेळेचं. ज्याला त्याला विचारा, उत्तर एकच: "अगं, वेळ काढावा लागतो, थोडं लवकर उठ." मी उठले. जानेवारी-फेब्रुवारी पावणेपाचला उठून वाचलं. मार्चमध्ये रोज दुपारी डोकं दुखायला लागलं, कामात चुका व्हायला लागल्या आणि संध्याकाळी मुलांवर विनाकारण आवाज चढायला लागला. बाईला स्वतःसाठी वेळ हवा असेल तर तो तिने आपल्या झोपेतून काढायचा, असा आपल्याकडे न बोलता ठरलेला नियम आहे. तो नियम मला मान्य नाही. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तिच्यात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच. वेळ कुठून काढायचा याचं उत्तर या आकड्यांतच आहे.

एप्रिलमध्ये एका रविवारी जेवणं झाल्यावर मी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, की रोज रात्री साडेनऊ ते सव्वादहा मी वाचणार. त्या वेळात मी घरात आहे, पण नाही. नवऱ्याने ओटा आवरणं आणि मुलाचं दप्तर घेतलं. मुलीने पाण्याच्या बाटल्या भरणं आणि विरजण लावणं घेतलं. पहिले आठ दिवस अवघड गेले. ओट्याचा शेगडीमागचा कोपरा पुसायचा राहून जायचा, मला खोलीतून तो दिसायचा आणि पाय शिवशिवायचे. पण उठले नाही. उठले असते तर सगळं परत माझ्याकडे आलं असतं.

मग एका रात्री मुलगा दारात आला. "आई, माझं खोडरबर कुठंय?" मी मान वर करायच्या आत स्वयंपाकघरातून नवऱ्याचा आवाज आला, "आई वाचतेय, मला विचार." बस, एवढंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चौदा वर्षांच्या संसारात त्याने मला साड्या आणल्या, आजारपणात रात्र-रात्र जागला, पण ही चार शब्दांची भेट मला सगळ्यांत मोठी वाटली. कारण त्यात "आई मोकळीच बसलीय" असं नव्हतं. मी काहीतरी करत होते आणि ते त्याला दिसत होतं.

याच काळात रमाबाई रानड्यांच्या आठवणी वाचल्या, १९१० साली आलेलं पुस्तक. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या मुलीला नवरा शिकवतो, आणि दिवसभर स्वयंपाकघरात घरातल्या बायका त्याच शिक्षणावरून तिला टोचून बोलतात. रमाबाईंबद्दल मला अपार आदर आहे. पण वाचता वाचता जाणवत राहिलं, की तेव्हा बाईच्या वाचण्याला नवऱ्याची इच्छा हे कारण लागायचं. पुढे सुगृहिणी आणि सुमाता घडवण्याचं कारण आलं. "एक स्त्री शिकली तर सगळं कुटुंब शिकतं" हे वाक्य मी लहानपणी आमच्या शाळेच्या भिंतीवर वाचलंय. आणि परवा पालकसभेत ऐकलं, मुलांसाठी पुस्तक हातात धरा. कारणं बदलली, पण कारण लागतंच. पुरुष रविवारी पेपर घेऊन तासभर बसतो तेव्हा "मुलांना चांगली सवय लागेल हो" असं त्याला कुणी म्हणत नाही.

आणि खरं सांगायचं तर माझ्या मुलाला अजिबात गोडी लागलेली नाही. तो खाली क्रिकेट खेळतो, घामेघूम होऊन वर येतो, दूध पिऊन झोपतो. मी त्याच्यासाठी वाचत असते तर जुलैपर्यंत हा प्रयोग फसला असं म्हणून पुस्तकं परत करून मोकळी झाले असते. मुलीला तिच्या वयाचं वेगळंच काही आवडतं, ते ती मोबाईलवर वाचते. वाचू दे. दिवसभर मी कुणाची आई असते, कुणाची सून, ऑफिसात मॅडम, भाजीवाल्याची ताई. प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी हवं असतं आणि ते द्यायला मला आवडतं. पुस्तकातल्या कुणाला माझ्याकडून काही नको असतं. त्या पाऊण तासात डोक्यात जे विचार येतात, ते फक्त माझे असतात. ते मला हवे आहेत.

हे लिहिताना आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या ताई डोळ्यांसमोर आहेत. माझा पाऊण तास त्यांच्याही हातांवर उभा आहे. पाच घरची कामं करून त्या घरी जातात तेव्हा त्यांना पाऊण तास कोण काढून देणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. रविवारची त्यांची सुट्टी आम्ही पगारी केली, एवढंच आत्तापर्यंत जमलंय.

सासूबाईंचं मात्र सांगायलाच हवं. त्या चिपळूणजवळच्या खेड्यातल्या, सातवी शिकलेल्या. मे महिन्यात एकदा मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "अगं, मी पण वाचायचे. किराण्याच्या पुड्या यायच्या ना, त्यांचे कागद सोडवायचे आणि हाताने सरळ करून वाचायचे. पण गोष्ट कुठे पुरी व्हायची? पुढचा कागद दुसऱ्या कुणाच्या घरी गेलेला." माझा हात थांबला. चौदा वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी मोठ्या टायपातलं संतचरित्र आणलं. त्यांनी दोन दिवसांनी परत दिलं. "हे मला पाठ आहे गं. तू वाचतेस त्यातलं आण." सत्तरी ओलांडलेल्या बाईला काय वाचायला आवडेल हे मीसुद्धा परस्पर ठरवून टाकलं होतं.

आता दुपारचा वेळ त्यांचा. त्या वेळात आलेले फोन त्या उचलत नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

सप्टेंबर संपत आला. वहीत नऊऐवजी सात नावं आहेत. लायसन्स मिळालं. तलावपाळीच्या फेऱ्या पावसाळ्यात बंद पडल्या, त्या दसऱ्यापासून सुरू करणार. गोळी दोनदा चुकली. पुढची पालकसभा दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे, तेव्हा बाईंना एकटीला गाठून माझं ते राहिलेलं वाक्य सांगणार आहे. त्यांनाही दोन मुलं आहेत. त्या स्वतः शेवटचं काय वाचलं, तेही विचारीन.

आठवं पुस्तक काल आणलं. आज ऑफिसातून येऊन बघते तर बाविसाव्या पानात कॅलेंडरची कापलेली पट्टी. सासूबाईंनी दुपारीच सुरू केलंय. आज रात्री ते त्यांच्याकडे राहील. मी उद्या नववं घेऊन येते.