पिन बसत नाही तिथे चंदेरी कागद कोंबू नका

यंदा महालक्ष्म्यांना आर्णी तालुक्यातील माझ्या बहिणीच्या घरी मखरामागे हात घातला, तेव्हा रोषणाईच्या पट्टीचे पहिले हातभर टोक चटका बसेल इतके तापलेले होते. त्यावरचे पारदर्शक सिलिकॉन पिवळे पडून मऊ झाले होते, ओळीने चार-पाच चिपांच्या मधोमध काळा ठिपका उमटला होता आणि तिथून जेमतेम वीतभर अंतरावर ज्येष्ठा-कनिष्ठेच्या खळ दिलेल्या साड्यांच्या निऱ्या होत्या. भाच्याला विचारले, तर तो म्हणाला, "मामा, व्हिडिओत तं सांगतलं होतं, १२ व्होल्टनं काहीच होत नाही म्हणून." तोच व्हिडिओ आणि त्याखालचा मजकूर त्याच आठवड्यात मला आणखी तीन गटांतून आला. मी २२ वर्षे वायरिंगची आणि दुरुस्तीची कामे करतो आहे. दहा मिनिटांचे काम पाच मिनिटांत उरकण्याच्या नादात लोकांच्या देवघरात आग लावण्याची सोय कोणी सांगत असेल, तर त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला भाग आहे.

त्या मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: एलईडी पट्टीचा आणि कंट्रोलरचा (रिमोटने रंग बदलणाऱ्या डबीचा) कनेक्टर जुळत नसेल तर दोन्ही कापावेत, लाल वायर पॉझिटिव्ह आणि काळी निगेटिव्ह समजून रंगाला रंग जोडावा, पट्टीला तीन आणि कंट्रोलरला चार पिना असल्या तर एक रिकामी सोडावी, कंट्रोलर पट्टी आपोआप ओळखतो, वायर ढिली बसत असेल तर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद कोंबून वरून टेप मारावी, उलटे जोडले गेले तरी पट्टी जळत नाही, वीज गेली तर फवारणी पंपाची बॅटरी थेट लावावी, आणि हे सगळे बिनधास्त करावे, कारण एलईडी पट्टी १२ व्होल्टवरच चालते आणि १२ व्होल्टने शॉक लागत नाही, आगही लागत नाही.

आधी जे खरे आहे ते मान्य करतो. कोरड्या हाताला १२ व्होल्टचा झटका बसत नाही. साध्या १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी एका ओळीत जोडलेल्या असतात, त्यामुळे ती उलटी जोडली गेली तर बहुधा नुसती पेटत नाही, सुलटी केली की पेटते. एवढे दोन अर्धे मुद्दे सोडले, तर त्या मजकुरात जवळ बाळगण्यासारखे काहीही नाही.

रंगाचा मुद्दा घ्या. एकरंगी पट्टीला लाल वायर पॉझिटिव्ह आणि काळी निगेटिव्ह असते, हे सहसा बरोबर निघते. परंतु रंग बदलणाऱ्या चार वायरींच्या पट्टीत लाल, हिरवी आणि निळी या तीन वायरी त्या त्या रंगाच्या निगेटिव्ह बाजू असतात, आणि उरलेली चौथी, जी पुष्कळदा काळी आणि कधी पांढरी असते, ती तिन्ही रंगांची सामाईक पॉझिटिव्ह असते. म्हणजे ज्या काळ्या वायरीला हा मजकूर निगेटिव्ह म्हणतो, तिच्यातच १२ व्होल्ट येत असतात. कंट्रोलर लाल रंग लावतो तेव्हा तो आतल्या एका मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) लाल वायर निगेटिव्हला जोडतो, आणि अशा वेळी काळी आणि लाल या दोन सोललेल्या वायरी एकमेकींना टेकल्या तर मधे पट्टी नसल्यामुळे सगळा प्रवाह त्या मॉस्फेटमधून जातो. 'पट्टी जोडली आणि डबी मेली' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या डबीत मला हेच दिसते. रंगांचा क्रम चुकून लाल बटणावर हिरवा लागला तर त्याने काही बिघडत नाही, दोन वायरींची अदलाबदल करावी.

कंट्रोलर पट्टी ओळखतो, हे विधान तर निव्वळ कल्पना आहे. ४४ बटणांच्या रिमोटसोबत येणाऱ्या त्या पांढऱ्या डबीत मुख्यतः तीन इलेक्ट्रॉनिक स्विच असतात, जे तीन वायरी झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करतात. पलीकडे काय जोडले आहे, हे पाहण्याची सोय त्यात नसते. तीन वायरींची पिक्सेल पट्टी ही वेगळीच वस्तू आहे. तिच्या तीन वायरी म्हणजे पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि डेटा, आणि प्रत्येक एलईडीच्या पोटात स्वतःची चिप बसवलेली असते, जी सेकंदाला ८ लाख बिटांच्या वेगाने येणारा आदेश वाचते. यांतील सर्वांत प्रचलित चिप डब्ल्यूएस २८१२ बी. तिच्या निर्मात्या वर्ल्डसेमी कंपनीच्या माहितीपत्रकात पुरवठ्याची कमाल मर्यादा ५.३ व्होल्ट दिलेली आहे. माझ्या भाच्याने मागवलेली पट्टी हीच होती आणि घरातली डबी गेल्या वर्षीची, १२ व्होल्टची. ५.३ व्होल्ट जिची कमाल मर्यादा, तिला १२ व्होल्ट दिल्यावर त्या हातभर टोकाचे जे झाले ते होणारच होते. एक पिन रिकामी सोडण्याचा सल्ला त्याने तंतोतंत पाळला होता, म्हणून त्या पोराला मी एका शब्दानेही बोललो नाही. पिना जुळत नाहीत याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की या दोन वस्तू एकमेकींसाठी केलेल्याच नाहीत. उलट्या जोडणीची जी सवलत मी वर मान्य केली, तीही या पट्टीला लागू नाही. पिक्सेलची चिप उलट्या पुरवठ्याने मरू शकते.

आता चंदेरी कागद आणि १२ व्होल्टची आग. माझा खरा संताप या मुद्द्यावर आहे. चार पिनांच्या कनेक्टरमध्ये दोन पिनांतील अंतर अवघे अडीच मिलिमीटर असते, आणि चुरगाळून कोंबलेला कागद एकाच पिनेपुरता राहील याची कोणतीही खात्री नसते. तो शेजारच्या पिनेला टेकला तर शॉर्ट होते, आणि टेकला नाही तरी तो सांधा कच्चाच राहतो. दर मीटरला ६० एलईडी असलेली ५०५० जातीची (५ बाय ५ मिलिमीटर एलईडीची) पट्टी पूर्ण उजेडात मीटरमागे सुमारे १४.४ वॅट घेते. ५ मीटरला ७२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर ६ अँपिअर. यातले ४ अँपिअर जरी अर्ध्या ओहमच्या कच्च्या सांध्यातून गेले, तरी तिथे ८ वॅट उष्णता तयार होते. घरातल्या ९ वॅटच्या एलईडी बल्बाचा बुडखा हाताला किती गरम लागतो, ते आठवा. इथे जवळजवळ तेवढी उष्णता तुरीच्या दाण्याएवढ्या जागेत साठते, तीही टेपने गुंडाळलेली आणि मखराच्या कापडामागे दडलेली. आग व्होल्ट पाहून लागत नाही. सांध्यात किती उष्णता साठते आणि शेजारी काय ठेवले आहे, यावर ती ठरते. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर पाना पडल्यावर काय होते, हे आपल्या गावात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, आणि ती बॅटरी १२ व्होल्टचीच असते. फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची बॅटरी लहान दिसते म्हणून तिला कमी लेखू नये. ॲडॅप्टर शॉर्ट झाला की बहुधा स्वतः बंद पडतो, बॅटरी बंद पडत नाही. ती बारीक वायर लालबुंद होईपर्यंत प्रवाह देत राहते. पंपाची बॅटरी लावायचीच असेल तर तिच्या पॉझिटिव्हलगत योग्य क्षमतेचा फ्यूज हवाच. दिवाळीला तर वेचून आणलेला कापूस अनेक घरांत त्याच खोलीत रचलेला असतो, जिच्या दारावर रोषणाई सोडलेली असते.

पट्टी १२ व्होल्टवरच चालते, हे वाक्य याहूनही घातक आहे. मीटरवर मोजून विकली जाणारी, जाड पारदर्शक नळीतली पट्टी थेट २३० व्होल्टवर चालते. तिच्या प्लगजवळच्या गाठीत केवळ रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) असतो, व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो, आणि आत सुमारे ३२५ व्होल्टपर्यंतचा दाब पोहोचतो. ती साधारण मीटर-मीटरच्या खुणेवरच कापता येते, आणि कापलेल्या टोकाला टोपण बसवले नाही तर ते उघडे टोक म्हणजे उघडा करंट. 'काही होत नाही' असे ऐकलेला माणूस हे टोक ओल्या हाताने धरेल, हा विचार तो व्हिडिओ बनवणाऱ्याच्या मनात आलेला दिसत नाही.

योग्य पद्धत अवघड नाही. पट्टीवर कापण्याच्या खुणेजवळ तांब्याचे टिकले असतात आणि त्यांच्याशेजारी १२ व्ही, जी, आर, बी किंवा ५ व्ही, डीआयएन (डेटा आत), जीएनडी (निगेटिव्ह) अशी अक्षरे छापलेली असतात. वायरीचा रंग बाजूला ठेवून ती अक्षरे वाचावीत. पिक्सेल पट्टीवर बाणही असतो आणि डेटा त्याच दिशेने जातो. कंट्रोलरची पॉझिटिव्ह पिन शोधण्यासाठी वीज पूर्ण बंद करून मल्टिमीटर बझरवर ठेवावा, एक टोक ॲडॅप्टरच्या सॉकेटमधील मधल्या पिनेला लावावे आणि दुसरे चारही पिनांना एकेक करून टेकवावे. सहसा जिथे बझर वाजतो तीच पॉझिटिव्ह. त्यानंतर टिकल्यावरचे सिलिकॉन ब्लेडने खरवडून वायरीला डाग (सोल्डर) द्यावा आणि प्रत्येक वायरीवर वेगळी स्लीव्ह चढवावी. डाग देणे जमत नसेल तर स्क्रूचा प्लास्टिक कनेक्टर वापरावा. पट्टीला पकडणारा क्लिपचा कनेक्टर घेताना पट्टीची रुंदी मोजून घ्यावी, कारण ८ मिलिमीटरचा क्लिप १० मिलिमीटरच्या पट्टीला लागत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही मखरावर गेल्या वर्षीचीच जुनी पट्टी परत लावली. डाग भाच्यानेच दिला, मी फक्त टॉर्चचा उजेड धरला. जळालेला तुकडा कापून मी त्याच्याकडेच ठेवायला दिला आहे. उरलेली पट्टी ५ व्होल्टचा पुरवठा आणि पिक्सेलचा कंट्रोलर आल्यावर तपासू. रात्री आरती झाल्यावर आणि पुन्हा निजण्यापूर्वी मी नव्या सांध्याला बोट लावून पाहिले. तो गार होता.