नट आवळला की विषय संपत नाही

सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. साताऱ्यात मला तो तीन ग्रुपांतून आला, चौथ्यांदा मेहुण्याने सांगलीहून धाडला. थोडक्यात असा: '२५० वॅटच्या हब मोटारला टॉर्क आर्म लागत नाही, ती ५०० वॅटच्या वरची भानगड. नट कचकचून आवळा, कानवाला वायसर घाला, विषय संपला. घाट चढायचा नसेल तर एवढाही विचार नको. दुकानदार पट्टीचा तुकडा देऊन पैसे काढतात. माझी दोन वर्षं चालतेय.'

दुकानदार पैसे काढतात, हे काही ठिकाणी खरं आहे. बाकीचं बघू. हब मोटार म्हणजे सायकलच्या चाकाच्या मध्यात बसणारी इलेक्ट्रिक मोटार. टॉर्क आर्म म्हणजे तिचा एक्सल, चाकाच्या मधला दांडा, जागेवर फिरू नये म्हणून त्याच्यावर घालून चिमट्याला बांधायची लोखंडी पट्टी. चिमटा म्हणजे चाक दोन्ही बाजूंनी धरणारे सायकलचे दोन पाय.

'२५० वॅट म्हणजे जोर कमी.' हा २५० आकडा कायद्यातून आलाय. मोटार वाहन नियमांत नोंदणी आणि लायसनमधून सूट मिळायला मोटारची ताकद २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत लागतो. पण ती ताकद मोजायची अर्ध्या तासाची. म्हणजे मोटार अर्धा तास सलग किती ओढेल, एवढंच तो आकडा सांगतो. पेडलवर पाय ठेवून निघताना ती किती पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर) देईल, ते ठरतं कंट्रोलर किती करंट सोडतो त्यावर. ३६ व्होल्टची बॅटरी आणि १५ अँपिअरचा कंट्रोलर असला तर बॅटरीतून ५४० वॅट निघतात, मोटारवर स्टिकर काहीही असो. शिवाय वॅट म्हणजे पीळ गुणिले वेग. चाक थांबलेलं असताना वेग शून्य, म्हणून बाहेर पडणारे वॅटही शून्य, आणि पीळ मात्र तेव्हाच सर्वांत जास्त. वॅट बघून पट्टी लावायची का ठरवणं म्हणजे टाकी किती लिटरची ते बघून नळाचा दाब सांगण्यासारखं आहे.

घाटाचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. विश्रामबागच्या चौकात हिरवा दिवा लागला की सपाटीवरही तोच पीळ बसतो. घाटात तो जास्त वेळ टिकतो, एवढाच फरक.

आता 'नट आवळा'. मोटार चाकाला पुढे फिरवते, तेव्हा तेवढाच पीळ एक्सलला मागे फिरवायला बघतो. साध्या सायकलच्या एक्सलवर असा पीळ येतच नाही, तो नुसता वजन पेलतो. चिमट्याच्या टोकाला एक्सल ज्यात बसतो त्या खाचा त्याच हिशेबाने केलेल्या. हब मोटारचा १२ मिलिमीटरचा एक्सल दोन बाजूंनी घासून १० चा चपटा केलेला असतो, म्हणजे तो १० च्या खाचेत बसतो. ती चपटी बाजू लांबीला भरते जेमतेम साडेसहा मिलिमीटर. छोट्या गिअरवाल्या मोटारचा पीळ ४० न्यूटन-मीटर धरा आणि भागून बघा: खाचेच्या दोन ओठांना फाकवणारा जोर साधारण ६०० किलो वजनाइतका येतो. डाव्या-उजव्या खाचांत वाटला तरी ३०० - ३००. तुपाच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडताना चमच्याचा दांडा फटीत घालून पिळतो ना, तेच काम एक्सल खाचेत करत असतो. हाच पीळ १०० मिलिमीटर लांब पट्टीच्या टोकाला घेतला तर ४० किलो. तेवढं स्टीलची होज क्लिप, पाइप आवळायची गोल पट्टी, आरामात धरते.

मग सगळ्यांचे चिमटे फाटत का नाहीत? कारण चांगला आवळलेला नट घर्षणाने बराचसा पीळ आधीच खाऊन टाकतो. मजकूर लिहिणाऱ्या दादांची सायकल दोन वर्षं चालली ती याच जोरावर, खोटं बोलत नाहीत ते. पण घर्षण कायमचं नसतं. वायसरखालचा रंग दबतो, खडबडीत रस्त्यावर हादरे बसतात, आणि एक्सल खाचेत केसभर हलायला लागतो. मी व्हर्निअरने मोजलंय: एक्सल ९.८, खाच १०.२. एवढ्या फटीत एक्सल तीन-साडेतीन अंश डुलतो. दोन्हीकडचे आटे उजवे असतील, आणि बहुधा असतातच, तर मागे फिरू पाहणारा एक्सल उजवीकडचा नट घट्ट करतो आणि डावीकडचा सोडवतो. म्हणून कुणाचीही सायकल हातात आली की मी आधी डावा नट बघतो.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. माझं पहिलं मोटारचं किट मीच बसवलं होतं, पुढच्या चाकात, सस्पेन्शनच्या चिमट्यात. विकणारा म्हणाला होता, पट्टीची गरज नाही. यवतेश्वर घाटात एका वळणावर दम खायला थांबलो आणि चढावरच पुन्हा थ्रॉटल दिला. कट् असा आवाज आला. एक्सल खाचेत फिरला, त्यातून बाहेर येणारी वायर त्याच्याभोवती दोराच्या पिळासारखी गुंडाळली गेली, इन्सुलेशन फाटलं आणि कंट्रोलर जळाला. चाक एका बाजूने खाली सरकून चिमट्याला घासलं. वेग नव्हता म्हणून तळहात सोलपटण्यावर निभावलं. घरी येऊन बघतो तर डाव्या खाचेचा एक ओठ मुळाशी तडकलेला, आणि आतल्या बाजूला दोन चकचकीत टिंबं, एक्सलचे कोपरे रोज जिथे टेकत होते तिथे. लोखंडी चिमटा आधी वाकतो, तेवढी सूचना तरी देतो. सस्पेन्शनच्या चिमट्याचे पाय ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे नाहीतर मॅग्नेशियमचे, ते न सांगता तुटतात. त्यात पुढच्या खाचेचं तोंड खाली. निसटलेलं चाक अडवायला तिथे काही नसतं.

कानवाला वायसर निरुपयोगी नाही, घालाच. पण त्याचा कान, म्हणजे कडेला वाकवलेली जीभ, त्याच खाचेत बसतो. तो टेकू थोडा लांब नेतो, जोर फार तर निम्म्यावर येतो. पुढच्या बऱ्याच चिमट्यांना खाचेभोवती खोलगट वाटी असते. मोठा वायसर तिच्या काठावर चढून बसला तर नट कितीही आवळा, पकड येत नाही. आणि 'कचकचून'चा हट्ट सोडा. एक्सल दोन बाजूंनी घासलेला असल्याने आटे आधीच अर्धेमुर्धे असतात. हातभर पाइप लावून पाना ओढला की ते जातात, मग मोटारच बदला.

'वेल्डिंग मारून टाका' असा सल्ला त्या मजकुराखाली कुणीतरी दिलाय. पंक्चर काढायला चाक कसं सोडवणार, एवढंच विचारतो.

पट्टी विकतच घ्यायला हवी असं नाही. ५ मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीला १० चं भोक पाडा आणि कानशीने एकाच दिशेने १२ पर्यंत लांबवा. दर दोन घासांना एक्सलवर घालून बघा. हलक्या हातोडीने ठोकावी लागली तर काम जमलं. खुळखुळणारी पट्टी म्हणजे नुसता दागिना. बसवताना आधी एक्सल हाताने मागे पिळून फट एका बाजूला घ्या, मग पट्टीचं टोक चिमट्याला धरणारी क्लिप आवळा. पुढे बसवताय तर पट्टी चिमट्याच्या पायाच्या पुढच्या अंगाला ठेवा, म्हणजे पीळ तिला पायावर दाबेल, ओढून काढणार नाही. छोट्या मोटारला एका बाजूची पट्टी पुरते, दोन घेण्याचा आग्रह करणाऱ्याला नाही म्हणा. ब्रेक दाबल्यावर बॅटरी चार्ज करणारी मोटार असेल तर मात्र दोन्ही बाजूंना लावा. तिथे पीळ आलटूनपालटून दोन्हीकडे बसतो आणि नट फार लवकर ढिला होतो.

पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा आणि मार्करने नटावरून चिमट्यापर्यंत एक रेघ ओढा, म्हणजे नट हलला तर दिसेल. आणि पंक्चर काढून सायकल परत मिळाली की पहिल्यांदा पट्टी बघा. राधिका रोडवर एकदा चाक बसवून मिळालं, हवाही चोख होती, आणि पट्टी कॅरिअरला सुतळीने बांधून दिली होती.