पहारेकरी नेमकं काय ओरडतो?

बंधू, प्रभूमध्ये सलाम.

न्यायाच्या दिवसावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत की मी लोकांना झोपवतोय. तुमच्या मते अंजिराच्या झाडाला पालवी फुटली म्हणजे 1948 साली इस्राएल उभं राहिलं, ती पिढी सरायच्या आत प्रभू येशू परत येणार, आणि हे न सांगणाऱ्याकडून यहेज्केलच्या 33व्या अध्यायातल्या, तलवार येताना पाहूनही इशाऱ्याचं शिंग न फुंकणाऱ्या पहारेकऱ्यासारखा रक्ताचा जाब घेतला जाईल. तुमची कळकळ पोचली. म्हणूनच सविस्तर लिहितो.

तो येणार आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करणार, हे मी दर रविवारी मंडळीत उभा राहून म्हणतो. मानतोही. माझं भांडण तारखेशी आहे.

एक पिढी 40 वर्षांची धरून, 1948 मध्ये 40 मिळवून लोकांनी 1988 काढलं होतं. ते साल गेलं, तशी पिढी 40 ची 70 झाली, मग 80.

त्याच्याही आधी अशीच तारीख काढणारा न्यूयॉर्क राज्यातला विल्यम मिलर काही लबाड नव्हता. साधा शेतकरी, बायबल वर्षानुवर्षं ओळ न् ओळ वाचलेला. दानीएलच्या 8व्या अध्यायातले 2300 दिवस त्याने वर्षं धरले, इ.स.पू. 457 पासून मोजले आणि 1843 च्या सुमाराला येऊन पोचला. पुढे त्याच्या चळवळीतल्यांनी 22 ऑक्टोबर 1844 हा प्रभूच्या येण्याचा दिवस पक्का केला. काहींनी शेतातले बटाटे काढलेच नाहीत. कोणासाठी काढायचे? त्यांच्यातल्याच हायरम एडसनने लिहून ठेवलंय की प्रभू आला नाही आणि त्या रात्री ते सगळे उजाडेपर्यंत रडत राहिले.

ते रडणं मी घरात पाहिलंय. आमच्या गावात सभा घ्यायला आलेल्या एका उपदेशकाने साल सांगितलं आणि माझ्या मामांनी मुलीचा नर्सिंगचा फॉर्म भरलाच नाही. फॉर्म बायबलमध्येच घडी करून ठेवलेला होता, फोटो चिकटवलेला, सहीची जागा कोरी. मुदत गेली. पोरगी वर्षभर काही बोलली नाही.

आता तुमचा पहारेकरी. तोच अध्याय पुढे वाचा, 15वं वचन. दुष्ट माणूस वळला याची खूण काय? त्याने गहाण परत केलं, लुटलेलं भरून दिलं. त्या शिंगाच्या आवाजात साल कुठेच नाही. हा इशारा द्यायला मी एका पायावर तयार आहे, आणि तो ऐकून कोणाला झोप लागेल असं मला वाटत नाही. आपल्या मंडळ्यांत गहाणाच्या जमिनी नाहीत का? भावाभावांत दाबलेले हिस्से नाहीत का?

अंजिराचं झाड मत्तयच्या 24व्या अध्यायात आहे. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला शिष्य विचारतात, हे केव्हा होईल? प्रभू खुणा सांगतो, पण दिवस आणि घटका पित्यावाचून कोणालाच ठाऊक नाही म्हणतो, पुत्रालाही नाही. पुढच्याच अध्यायात न्यायासन मांडलेलं आहे, मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. तिथे दोन्ही बाजू पुन्हा तेच विचारतात: प्रभू, आम्ही तुला भुकेला केव्हा पाहिला? तुरुंगात केव्हा पाहिला? या 'केव्हा'ला मात्र तो थेट उत्तर देतो. माझ्या या लहानांतल्या एकाला दिलंत, ते मला दिलंत. नाकारलंत, ते मला नाकारलंत.

मामांना मी हे दोन अध्याय लागोपाठ वाचून दाखवले होते. ते बराच वेळ गप्प होते. पुढच्या जूनमध्ये स्वतः पोरीला घेऊन गेले आणि तिथल्याच बाकावर बसून सही केली.