टॅपेट वाजतंय ना, मग बरंय

मित्रांना घेऊन जुन्या फोक्सवॅगन कॅम्परमधून, म्हणजे आतच झोपायची सोय असलेल्या गाडीतून, गावोगावच्या मैफिलींना जायचं, असं ज्याच्या मनात येतं त्याच्या डोळ्यांसमोर फोटोतली गाडी असते. वर पांढरी, खाली नारिंगी, खिडकीला फुलाफुलांचे पडदे. फोटोत गंज येत नाही. म्हणून इंग्लंडात अशी गाडी बघायला निघालेल्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: चेकबुक घरी ठेव आणि रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशात टाक. दाराखालच्या पट्टीला ते चिकटलं नाही, तर तिथे पत्रा नाही, नुसती लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलाय. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात आणि पाऊस बारा महिने. लोणचं मुरायला आणखी काय लागतं?

ही दाराखालची पट्टी, म्हणजे सिल, तीन पदरी असते आणि गंज मधल्या पदरात पुरणासारखा बसतो. बाहेरून पोळी खमंग दिसते. नुसता वरचा पदर बदलून पैसे वाचवणारे दोन वर्षांनी पुन्हा वेल्डिंगवाल्याच्या दारात उभे असतात. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाके मारून बसवायचा, आणि दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. नाहीतर गाडी मधोमध खचते आणि रंगरंगोटी झाल्यावर कळतं की सरकतं दार लागतच नाही. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा, पेट्रोलची टाकी खाली उतरवा. ‘टाकी रिकामीच आहे रे’ म्हणणाऱ्या मित्राला चहा करायला पाठवा. रिकाम्या टाकीत वाफ असते, आणि पेटते ती वाफच.

पत्रा झाला की लोक समजतात, काम संपलं. इंजिन मागे असल्यामुळे तसं वाटत असावं.

१६०० सीसीचं हे इंजिन वाऱ्यावर थंड होतं. रेडिएटर नाही, पाणी नाही. एक पंखा, आणि त्याला फिरवणारा एक पट्टा. तोच पट्टा बॅटरी चार्ज करणारा डायनॅमोही फिरवतो. त्यामुळे समोरचा लाल दिवा लागला तर ‘बॅटरी चार्ज होत नसेल, पुढच्या पंपावर बघू’ असं म्हणायची सोय नाही. पट्टा तुटला असेल तर पंखाही थांबलाय आणि पुढच्या पंपापर्यंत इंजिन पोचणार नाही. गाडी तिथेच कडेला. पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून बघायचा, साधारण १५ मिलिमीटर दबला पाहिजे. सैल असेल तर पुलीच्या दोन ताटल्यांमधला एखादा पातळ वायसर काढायचा आणि फेकून न देता त्याच नटाखाली बाहेरच्या बाजूला ठेवायचा. आमच्या पिढीला जुन्या पिशव्या जपून ठेवायचं वळण आहे, त्यामुळे हे शिकवावं लागत नाही.

ऑइल अडीच लिटर. फिल्टर नाही, नुसती जाळी, म्हणजे चहा गाळल्यासारखंच. म्हणून दर ५००० किलोमीटरला ऑइल बदलायचं. जाळीच्या झाकणाचे सहा छोटे नट अगदी हलक्या हाताने आवळायचे. ‘अजून जरा’ म्हणणारा एकजण प्रत्येक टोळीत असतो, आणि त्याच्या हातात स्टड, म्हणजे नट बसायचा दांडा, तुटून येतो.

खरी विद्या टॅपेटची, म्हणजे इंजिनाची झडप (व्हॉल्व्ह) ढकलून उघडणाऱ्या भागाची. त्याच्या आणि व्हॉल्व्हच्या मधली फट ०.१५ मिलिमीटर, तीही इंजिन पूर्ण थंड असताना. म्हणजे रात्रभर उभ्या गाडीवर, सकाळच्या पहिल्या चहाआधी. नवखा माणूस टिकटिक ऐकून घाबरतो आणि फट कमी करतो. इथेच घात होतो. व्हॉल्व्ह तापला की लांबतो. फट उरली नाही तर तो सीटवर, म्हणजे आपल्या बैठकीवर, नीट टेकत नाही, आपली उष्णता तिथे सोडू शकत नाही, आणि शेवटी त्याचं डोकं तुटून पिस्टनमध्ये जातं. टॅपेट घरातल्या आजीसारखं आहे. कुरकुर ऐकू येतेय तोवर निवांत असावं. गप्प झाली की डॉक्टरला बोलवावं. त्यातही तिसऱ्या सिलिंडरवर जास्त लक्ष ठेवा. जुन्या रचनेत ऑइल कूलर नेमका त्याच्या वाऱ्याच्या वाटेत उभा असतो, त्यामुळे पंगतीच्या टोकाला बसलेल्यासारखं त्याच्या पानात सगळं उशिरा आणि गरम वारा तेवढा पहिला.

पेट्रोलच्या जुन्या, कापड गुंडाळलेल्या रबरी नळ्या विनोदाचा विषय नाहीत. २०२१ पासून ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुनं रबर खातं. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या. कार्ब्युरेटरची पितळी नळी नुसती ठोकून बसवलेली असते, ती हलवून बघा. सुटली तर पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर. क्रँककेस, म्हणजे इंजिनाची मुख्य पेटी, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. ती पेटली तर पाणी ओतून भडका वाढतो.

एवढं सगळं असून ४० वर्षं उलटलेल्या गाडीला रोड टॅक्स माफ, आणि मोठे फेरफार केले नसतील तर वार्षिक तपासणीही माफ. माणसाला चाळिशीनंतर डॉक्टर तपासण्या लिहून देतात, गाडीला सरकार सोडून देतं. मी तरी दरवर्षी स्वतःहून तपासून घ्या म्हणेन.

आता गाणं. लंडनहून ग्लास्टनबरीचं शेत, जिथे गाण्याचा मोठा मेळा भरतो, सुमारे २०० किलोमीटर. साध्या गाडीचा हिशेब इथे लावायचा नाही. ताशी ८५ च्या वर गेलं की बोलणं बंद होतं, आणि एखादी लॉरी ओलांडून गेली की आपली गाडी शेजारच्या लेनला वाकून नमस्कार करून येते. गिअरचा दांडा पुढे, गिअरबॉक्स मागे, मध्ये गाडीभर लांब सळई. तिला धरून ठेवणारा छोटासा बुश, म्हणजे कडी, झिजला की दुसरा गिअर म्हणजे खानावळीच्या रश्श्यातला बटाटा. आहे म्हणतात. १९७० साली इथल्या पहिल्या मेळ्याचं तिकीट एक पौंड होतं आणि वर शेतातलं दूध फुकट. आता कॅम्परसाठी वेगळं तिकीट आणि स्टेजपर्यंत बरीच पायपीट. चिखलात मात्र ही गाडी हुशार: इंजिन ज्या मागच्या चाकांना फिरवतं त्यांच्यावरच त्याचं वजन असल्याने ती सहसा रुतत नाही. लावताना तोंड उताराकडे करून ठेवा, सकाळी ढकलायला सोपं जातं. वर उघडणाऱ्या छपराचं कापड ओलं असताना मिटलं असेल तर घरी पोचताच उघडून वाळवा, नाहीतर पुढच्या वेळी बुरशीच्या वासात चिवडा खावा लागेल.

रात्री शेवटचं गाणं संपतं. चौघं चिवड्याचा डबा फिरवत कोणता गायक बेसूर झाला यावर भांडत असतात. लांब कुठेतरी कुणी तसलंच इंजिन सुरू करतं आणि भांडण थांबतं.

“अरे, त्याचं टॅपेट वाजत नाहीये.”

“एखादं तर अजिबात नाही.”

“जाऊन सांगू या का?”

“बूट कुठायत माझे?”