किलोमीटरचे पैसे? अजून किती!

आता म्हणे गाडी जितके किलोमीटर धावेल तितके पैसे घ्यायचे! मग आजवर काय फुकट फिरत होतो? गाडी घेतली तेव्हाच रोड टॅक्स भरला. पेट्रोलच्या प्रत्येक लिटरवर २०१८ पासून रस्ते आणि पायाभूत सुविधांचा उपकर भरतोय. जास्त फिरलं की जास्त पेट्रोल, म्हणजे किलोमीटरचेच पैसे झाले ना? इलेक्ट्रिक गाड्या पेट्रोल घेत नाहीत म्हणून त्यांचा उपकर बुडतो, तर त्यांचं त्यांच्याशी बोला. वर बडोद्याहून अहमदाबादला निघालो की एक्सप्रेसवेचा टोल आहेच, फास्टॅगमधून परस्पर कापलेला.

आणि मिळतं काय? परवा इथे बडोद्यात दांडिया बाजारातून आईला स्कूटरवर घेऊन येत होतो. डबक्याखाली खड्डा, खड्ड्यात कोणीतरी टाकलेल्या फुटक्या विटा. चाक आपटलं, आई कळवळली, तिच्या मांडीवरची भाजी चिखलात. पंधरा दिवसांपूर्वीच तिथे डांबर ओतलं होतं!

९ जुलै २०२५ ला महिसागर नदीवरचा गंभीरा पूल तुटला, गाड्या खाली नदीत पडल्या. १९८५ चा पूल, बडोद्याहून आणंदकडे जायचा रोजचा रस्ता. माणसं गेली हो! त्याच्या देखभालीचे पैसे कोणी भरले होते? आम्हीच ना? मग पुन्हा आमच्याच खिशात हात कसा घालता?