‘क्ले संपला, जागा सोड’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

नागपुरातल्या बास्केटबॉलच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. शिवाजीनगरपासून धरमपेठेपर्यंत ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर तो येऊन पडलाय आणि खाली ‘एकदम बरोबर भाऊ’ लिहिणाऱ्यांची रांग लागली आहे. विषय क्ले थॉम्पसन, अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या गोल्डन स्टेटचा लांबून फटके मारणारा जुना शूटर. म्हणणं असं: दहापैकी शून्य मारले त्या रात्रीच हा माणूस संपला, गोल्डन स्टेटनं त्याला जुन्या पुण्याईवर खेळवलं, त्याच्यामुळे पोरांच्या जागा अडल्या, एवढा पैसा घेऊन अडून बसण्यापेक्षा त्यानं मानानं निवृत्त व्हायला हवं होतं. आणि शेवटी, ज्या ओळीसाठी बाकीचं सगळं लिहिलं असावं ती ओळ: आपल्याकडेही प्रत्येक टीममध्ये असा एकेक ‘क्ले’ बसलाय, त्याला आता काढा.

यातला एक मुद्दा मला निम्मा पटतो, तो पुढे येईल. बाकीचे पटत नाहीत.

आधी ती दहापैकी शून्याची रात्र. तारीख १६ एप्रिल २०२४, आपल्याकडे १७ची सकाळ. सॅक्रामेंटोत प्ले-इनचा, म्हणजे बाद फेरीत शिरण्यासाठीचा सामना, हरलं की हंगाम संपला. साडेसातला सामना सुरू झाला तेव्हा इथे अर्धे लोक ऑफिसची तयारी करत होते, उरलेले तर्री-पोह्याच्या ठेल्यावर मोबाइल टेकवून बसले होते. क्लेनं दहा फटके मारले, त्यांतले सहा तीन गुणांचे. एकही गेला नाही. गोल्डन स्टेट ११८-९४ हरलं.

आता साधा हिशेब करू. त्या हंगामात क्लेची सरासरी १७.९ गुणांची होती. ते सगळे गुण त्या सकाळच्या ९४मध्ये मिसळा, ११२ होतात. तरीही हार. पलीकडे सॅक्रामेंटोच्या कीगन मरेनं एकट्यानं तीन गुणांचे आठ फटके घालून ३२ गुण काढले होते. मेसेजमध्ये मरेचं नावसुद्धा नाही. सामना क्लेनं घालवला म्हणणाऱ्यानं स्कोअरबोर्डची एकच बाजू वाचलेली दिसते.

दुसरा हिशेब. त्या वर्षी तीन गुणांच्या फटक्यात त्याची टक्केवारी ३८.७ होती. असा शूटर सलग सहा चुकवण्याची शक्यता साधारण एकोणीसात एक, म्हणजे हंगामात काही वेळा कुठल्या तरी सहा फटक्यांचं तसं होणारच. बाकीचे चार फटके दोन गुणांचे. ते निम्मे जातात असं धरलं तर दहाही चुकण्याची शक्यता तीनशेत एकाच्या आसपास येते. फटका म्हणजे नाणं नव्हे, दमलेले पाय आणि अंगावर आलेला डिफेन्स धरला तर आकडा बदलेल, हे मान्य. पण शेकडो सामने खेळलेल्या माणसाच्या वाट्याला असा एखादा दिवस येणं म्हणजे त्याच्या अंताचा पुरावा नव्हे. तो नेमका त्याच दिवशी आला, हे त्याचं नशीब.

शिवाय एका सामन्यावरूनच न्याय करायचा असेल तर पुढचाही सामना मोजा. बरोबर एका वर्षानं, १६ एप्रिल २०२५ला, त्याच सॅक्रामेंटोत, तशाच प्ले-इनमध्ये क्ले डॅलसकडून खेळला. २३ गुण काढले, तीन गुणांचे पाच फटके घातले आणि डॅलस १२०-१०६ जिंकलं. त्या २३ गुणांनी तो पुन्हा पंचविशीचा झाला असं मी म्हणत नाही. पण शून्याला पुरावा मानणाऱ्याला तेवीस विसरता येत नाहीत.

दुसरा मुद्दा पुण्याईचा. पुण्याई होती हे खरंच. चार अजिंक्यपदं कोणी फुकट देत नाही. पण ‘पुण्याईवर खेळवलं’ म्हणताना मधला काळ मेसेजनं गिळून टाकलाय. जून २०१९मध्ये अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात त्याच्या डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. नोव्हेंबर २०२०मध्ये, अजून मैदानावर परतलाही नव्हता तेव्हा, उजव्या पायाची टाचेमागची शीर, अॅकिलीस, तुटली. दोन हंगाम पूर्ण गेले. ९ जानेवारी २०२२ला तो परतला, ९४१ दिवसांनी. त्या उन्हाळ्यात टीम पुन्हा अजिंक्य ठरली. आणि पुढच्या, म्हणजे २०२२-२३च्या हंगामात त्यानं तीन गुणांचे ३०१ फटके घातले, पूर्ण लीगमध्ये सगळ्यांत जास्त. एका हंगामात तीनशेचा आकडा त्याच्याआधी फक्त त्याचा साथीदार स्टीफन करी आणि जेम्स हार्डननं गाठला होता. २०२३-२४ सुरू होताना त्याच्या खात्यावरची ताजी नोंद ही होती. ही जर पुण्याई असेल तर ती सहा महिन्यांपूर्वीची होती.

आणि कोचनं हात लावला नाही म्हणता? १५ फेब्रुवारी २०२४ला यूटाविरुद्ध कोच स्टीव्ह करनं त्याला सुरुवातीच्या पाचातून काढलं. पहिल्या वर्षानंतर प्रथमच तो बेंचवरून आला आणि त्याच्या जागी ब्रँडिन पोजेम्स्कीनं, म्हणजे नव्याकोऱ्या पोरानं, सुरुवात केली. क्लेनं त्या सामन्यात २८ मिनिटांत ३५ गुण काढले. त्याआधीही शेवटच्या मिनिटांत त्याला बसवल्याचे प्रसंग झाले होते आणि ते त्याला झोंबलं होतं, हे त्यानं लपवलं नाही. उन्हाळ्यात तर करारच जमला नाही आणि तेरा हंगाम त्याच टीममध्ये असलेला माणूस डॅलसला गेला. पुण्याईवर चालणारं घर असं वागत नाही.

इथे मला जरा थांबायचंय, कारण खरा घोटाळा इथे आहे. टीममध्ये असणं वेगळं. पहिल्या पाचात असणं वेगळं. शेवटची चार मिनिटं उरली असताना कोर्टवर असणं आणखी वेगळं. मेसेज या तिन्हींची एकच मोट बांधतो आणि मग ‘काढा’ म्हणतो. करनं ते तिन्ही सुटे करून बघितले. त्याच्याच टीममध्ये २०१४-१५ला आंद्रे इग्वोडालाला त्यानं बेंचवर बसवलं, तोवर इग्वोडाला आयुष्यभर पाचात खेळलेला. त्याच मोसमाच्या अंतिम फेरीत चौथ्या सामन्यापासून त्याला परत पाचात घेतलं आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. बेंच म्हणजे स्मशानाची वाट, हा समज आपल्याकडेच जास्त आहे. कोचनं बसवलं की पोरगा दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर येत नाही आणि त्याचा बाप येतो.

चुकणाऱ्या शूटरला ठेवायचं कशासाठी? हे समजायला आकडा पुरत नाही, डिफेन्सकडे बघावं लागतं. क्ले कोपऱ्यात नुसता उभा असला तरी त्याच्यावरचा माणूस आत मदतीला जात नाही. गेलाच तर एक पाऊल, डोळे मागे ठेवून. त्या एका पावलाच्या फरकानं करीला आत शिरायला फट मिळते. चौथ्या क्वार्टरपर्यंत पाचपैकी शून्य असलेल्या क्लेलाही कोणी मोकळा सोडत नाही, कारण २०१५मध्ये त्यानं एका क्वार्टरमध्ये ३७ गुण काढलेत आणि हे प्रत्येक कोचला पाठ आहे. डिसेंबर २०१६मध्ये इंडियानाविरुद्ध त्यानं २९ मिनिटांत ६० गुण काढले आणि त्यासाठी चेंडूला फक्त अकरा टप्पे दिले. म्हणजे त्याचा खेळ चेंडू घेऊन पळण्याचा कधी नव्हताच. स्क्रीनमागून, म्हणजे आडोसा धरून उभ्या साथीदारामागून निघणं, पाय रोवणं, सोडणं. गुडघ्यातला वेग गेला तरी हे बरंचसं टिकतं. पोजेम्स्की कितीही हुशार असला, तरी पहिल्या वर्षी डिफेन्स त्याच्यापासून दोन पावलं लांब उभा राहू शकत होता. हा फरक बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यात, दिसत नाही.

मेसेज लिहिणाऱ्यानं सगळ्यांत भक्कम मुद्दा मात्र सोडूनच दिला, तो मीच देतो. डिफेन्स. २०१९मध्ये क्ले लीगच्या वर्षातल्या उत्तम बचावपटूंच्या दुसऱ्या संघात निवडला गेला होता. समोरच्या टीमचा सर्वांत चपळ गार्ड त्याच्याकडे दिला जायचा. दोन मोठ्या दुखापतींनंतर ते संपलं. बाजूला सरकणं मंदावलं, चपळ गार्डऐवजी अंगानं मोठ्या, संथ फॉरवर्डांना तो धरू लागला. ज्या सामन्यात फटके जात नाहीत आणि समोर पळणारी पोरं आहेत, त्या सामन्यात त्याला ३२ मिनिटं ठेवणं महागात पडतं. सॅक्रामेंटोत त्याला तेवढीच मिनिटं मिळाली होती. कोचवर टीका करायची तर इथे करा. मी सोबत आहे.

पोरांच्या जागा अडल्या, हा तो निम्मा पटणारा मुद्दा. पोजेम्स्कीची नाही अडली. तो त्याच वर्षी लीगमधल्या उत्तम नवोदितांच्या पहिल्या संघात निवडला गेला. पण मोझेस मूडी तिसऱ्या वर्षी बहुतेक वेळ बाकावरच दिसला. २०२१च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, चौदाव्या क्रमांकावर घेतलेला खेळाडू, हातात शॉट असलेला, डिफेन्सला तयार. क्लेची पाचसहा मिनिटं कमी करून मूडीला दिली असती तर कोणाचंच बिघडलं नसतं. पण मिनिटं कमी करा म्हणणं आणि माणूसच काढा म्हणणं, यांत अंतर आहे राजेहो.

पैशाचं लवकर उरकतो. शेवटच्या वर्षी त्याला गोल्डन स्टेटकडून ४ कोटी ३० लाख डॉलरच्या वर मिळत होते, हे खरं. पण तो पाच वर्षांचा करार २०१९चा, गुडघा फाटल्यानंतर लगेच झालेला. शहाणपणाचा होता की नव्हता यावर खुशाल भांडा. खेळाडू बसवला म्हणून ते पैसे वाचणार नव्हते, त्यामुळे कोणाला किती मिनिटं खेळवायचं याच्याशी त्यांचा संबंध नाही. बाजारानं त्याची किंमत २०२४मध्ये नव्यानं लावलीच: तीन वर्षांचे ५ कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला आधीच्या निम्म्याहून कमी. ती त्यानं स्वीकारली. अडून बसणारे असे वागत नाहीत. पुढे २०२५-२६मध्ये डॅलसनंही त्याला बेंचवरून आणायला सुरुवात केली आणि तो खेळत राहिला.

‘मानानं निवृत्त व्हा’ हा सल्ला तर दुसऱ्याला द्यायला सगळ्यांत स्वस्त. २०१८मध्ये ह्यूस्टननं कार्मेलो अँथनी या जुन्या स्टारला दहा सामन्यांनंतर घरी बसवलं. वर्षभर कोणी विचारलं नाही, निरोपाचे लेख लिहून झाले. मग पोर्टलँडनं बोलावलं आणि पस्तिशीत त्यानं १५.४च्या सरासरीनं गुण काढले. सगळ्यांचं असं होत नाही. पण कधी थांबायचं ते टीम ठरवते किंवा गुडघा. प्रेक्षकाला मत असतं, व्हिटो नसतो.

आता शेवटची ओळ, ‘आपल्याकडचे क्ले’. इथे तुलनाच चुकते. क्लेचा प्रत्येक फटका नोंदलेला आहे: कुठून मारला, कोण अंगावर होतं, किती सेकंद उरले होते. आपल्या स्पर्धांत जो स्कोअरशीट भरतात त्यात घातलेले गुण असतात, फाउल असतात, टाइमआउट असतात. चुकलेला फटका त्यात लिहिलाच जात नाही. खेळाडू पहिल्यांदा कधी उतरला याची खूण असते, तो बाहेर कधी गेला याची नसते. म्हणजे ज्या सिनियरला ‘दहात एक जात नाही’ म्हणून काढायला निघालात, त्याचे दहा कोणी मोजले? आठवणीनं? आठवणीला भांडणाच्या दिवशीचे तीन फटके तेवढे लख्ख आठवतात.

आणि उलटही खरं. त्या सिनियरला ‘अनुभव आहे हो’ म्हणून पाचात ठेवणारेही तितकेच हवेत बोलतात. तो कोर्टवर असताना टीम पुढे गेली की मागे, हे कोणाला सांगता येत नाही.

यासाठी मशीन लागत नाही. स्कोअरर टेबलच्या मागे बारा-तेरा वर्षांच्या दोन पोरांना वही आणि पेन्सिल देऊन बसवा. एकानं चुकलेले फटके लिहायचे, जर्सी नंबर आणि जागा. दुसऱ्यानं दर बदलाला स्कोअर लिहायचा आणि कोण आत, कोण बाहेर. संध्याकाळी प्रत्येकाच्या नावापुढे अधिक-उणे, म्हणजे तो आत असताना टीम किती गुणांनी पुढे गेली की मागे, मांडता येतं. सात-आठ सामन्यांत अंदाज येतो, पंधरा झाले तर बोलता येतं. पुढच्या निवडीच्या बैठकीत ती वही टेबलावर ठेवा. त्यात सिनियर उणे निघाला तर त्याची मिनिटं कापा, मी पहिला हात वर करीन. अधिक निघाला तर मेसेज लिहिणाऱ्या भाऊंनी त्याच ग्रुपवर तेवढाच लांब दुसरा मेसेज टाकावा.