"पब कसला, काचेचं शोरूम" या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू पूर्ण वाचला. एवढा जुना बार्न घेऊन त्याचं काचेचं शोरूम केलं, शेकोटी नाही, छपराचं गवत आतून दिसत नाही, मिस्टरांना सिगरेटसाठी गेटपर्यंत पाठवलं आणि वर रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं जेवण महाग, असं तुम्ही लिहिलंय. इंग्लंडात नॉरफोकला फिरायला येणारी आपली बरीच मंडळी रिव्ह्यू बघूनच येतात म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी शेकोटीचं. हे घर नव्हतंच कधी, धान्याचं कोठार होतं, त्याला धुरांडं नव्हतंच. आता लाकडाचा स्टोव्ह बसवायचा म्हणजे फूटभर जाड वाळक्या गवतातून पाईप वर काढायचा, आणि अशा छपरांच्या बऱ्याचशा आगी चिमणीपासूनच सुरू होतात, एकतर ठिणगी वर पडते नाहीतर पाईपची धग आतल्या आत गवताला लागत राहते. एकदा आग थरात शिरली की वरून कितीही पाणी मारा, ते घसरून खाली येतं, कारण पाणी निथळावं म्हणूनच तर गवत तसं रचलेलं असतं. म्हणून हीटिंग फरशीखाली आहे आणि गवताखाली फायर बोर्ड आहेत, त्यामुळे आतून गवत दिसत नाही. सिगरेटचं पण तेच, कोणीही आलं तरी गेटपाशीच.

आता काच. जिथे काच आहे तिथे समोरासमोर दोन दारं होती, भरलेली गाडी आत येईल एवढी मोठी, आणि मधे खळं. मळणी आतच व्हायची, दोन्ही दारं उघडली की वारा आरपार, त्या वाऱ्यावर उफणणी. आपल्याकडे उघड्यावर करतात ते इथे पावसामुळे छपराखाली. आम्ही फक्त ती दारांची जागा काचेने भरली, भिंतीत एकही नवी खिडकी पाडली नाही. बिल्डिंग ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे सरकारी यादीतली संरक्षित जुनी वास्तू आहे, परवानगीशिवाय तिचं रूप बदलणं १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण परवानगी मिळाली असती तरी मी पाडली नसती. काउंटर, किचन सगळं स्टीलचं, स्वतःच्या पायावर उभं, जुन्या ओकमधे आमचा एक स्क्रू नाही, उद्या पब इथून हलवला तर कोठार जसंच्या तसं राहील. जुनाट दिसणारं नवं लाकूड लावलं असतं तर फोटो छान आले असते हो, पण मग कोठार बांधणाऱ्या जुन्या सुतारांचं काम कुठलं आणि आमचं कुठलं हे कोणाला कळलंच नसतं, ते मला पटत नाही.

काचेजवळच्या टेबलामागच्या खांबावर, तुळईच्या सांध्यापाशी पटाशीने कोरलेल्या चार उभ्या रेघा आहेत. सुतार आधी जमिनीवर सांगाडा जुळवायचे, प्रत्येक सांध्याला नंबर टाकायचे आणि उभा करताना तो नंबर बघून लाकडी खुंट्या ठोकायचे. स्टाफला विचारा, टॉर्च लावून दाखवतील.

रोस्टची किंमत कमी करता येणार नाही. छपराचं गवत म्हणजे ब्रॉड्स या इथल्या पाणथळ भागातला रीड, तो हिवाळ्यात हाताशी माणसं घेऊन कापावा लागतो, तो ४०-५० वर्षं टिकतो, पण छपराचा वरचा कणा १०-१५ वर्षांनी नव्याने बांधावाच लागतो, तो खर्च किचनमधूनच निघतो.

काचेजवळ थंडीत गार लागतं हे खरंय. पुढच्या वेळी बुकिंग करताना आतल्या भिंतीकडचं टेबल मागा, तिथे फरशी जास्त गरम असते.